आपली चूल वेगळी की सगळ्यांचा एकच मांडव? (ऑटिझम हक्क चळवळ आणि इतर चळवळी)

रानजाई
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मला वयाच्या ३६व्या वर्षी ऑटिझमचं (म्हणजे मेंदूची ठेवण जन्मतःच वेगळी असण्याचं) निदान झालं. नंतर ऑटिस्टिक प्रौढांच्या एका ऑनलाइन गटात शिरले. निरनिराळ्या देशांतले दीडशेएक जण. चार वर्षं मजेत गेली. मागच्या महिन्यात गट फुटला.

निमित्त झालं एका निवेदनाचं. ट्रान्स (जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा वेगळा लिंगभाव असलेल्या) व्यक्तींना उपचार नाकारताना 'ही व्यक्ती ऑटिस्टिक आहे, तिला स्वतःबद्दल काय कळणार' हे कारण दिलं जातं, त्याविरुद्ध ते निवेदन होतं. गटाच्या नावाने सही करायची की नाही, एवढाच प्रश्न. नऊ दिवस, चारशेच्या वर संदेश. एक जण म्हणाला, "मी इथे ऑटिझमसाठी आलोय, जगाची उस्तवार करायला नाही." दुसरीने उत्तर दिलं, "मी ट्रान्सही आहे. यातली कुठली मी बाहेर ठेवून येऊ ते सांग." शेवटी मतदान झालं, सही झाली आणि तिघा संचालकांतले दोघे चाळीसेक जणांना घेऊन बाहेर पडले.

मी मत दिलं नाही. मला दोन्ही बाजू पटत होत्या आणि त्यामुळे झोप येत नव्हती. म्हणून इथे विचारते: ऑटिझमच्या चळवळीने इतर चळवळींशी नातं जोडावं का? जोडलं तर कुणाशी आणि कुठपर्यंत?

खवचट बोका
पहिलाच धागा आणि थेट मधमाश्यांच्या पोळ्यात हात. स्वागत आहे ताई. मी खुर्ची घेऊन बसतो.

टिंब
वाचनखूण साठवली.

अर्धविराम
मी स्वतः ऑटिस्टिक आहे आणि त्या बाहेर पडलेल्या दोघांच्या बाजूने आहे (तुमच्या गटात नव्हतो, गैरसमज नको).

माझं म्हणणं साधं आहे. ऑटिस्टिक मूल कुठल्याही घरात जन्मतं. देवभोळ्या, नास्तिक, डाव्या, उजव्या. आम्हाला एकत्र आणणारी गोष्ट एकच, ती म्हणजे मेंदूची ठेवण. त्या एका गोष्टीवर दीडशे माणसं जमली. तुम्ही दर निवेदनागणिक एक अट वाढवत गेलात, तर प्रत्येक अटीला दहा जण गळतात. शेवटी उरतात ते सगळ्या प्रश्नांवर एकमत असलेले बारा जण. ती चळवळ नसते, ती मित्रमंडळी असते.

दुसरं. आमच्यापैकी कित्येकांना असा गट आयुष्यात पहिल्यांदाच मिळालेला असतो. तो गमावणं म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुप सोडण्याइतकं सोपं नसतं.

नवा कोन
@अर्धविराम, दुसऱ्या मुद्द्याशी शंभर टक्के सहमत. पहिल्याशी अजिबात नाही.

मी ऑटिस्टिक आहे आणि ट्रान्सही. २०२०मध्ये नेचर कम्युनिकेशन्स या विज्ञान-नियतकालिकात एक अभ्यास आला होता, ६ लाख ४१ हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवरचा. त्यात ट्रान्स आणि लिंगभाव वेगळा असलेल्या लोकांमध्ये ऑटिस्टिक असण्याचं प्रमाण इतरांच्या तिपटीपासून सहापटीपर्यंत दिसलं. म्हणजे तुमच्या त्या दीडशेंत आम्ही पाहुणे नाही, घरचेच आहोत. 'इतर चळवळ' हा शब्द आला की मला कळत नाही, मी कुठल्या दारातून आत यायचं.

आणि ते निवेदन ट्रान्सपुरतं होतं असं वाटतंय का? 'ऑटिस्टिक आहे म्हणून स्वतःबद्दल निर्णय घेता येणार नाही' हा तर्क आज माझ्या उपचारांना लागला. उद्या तोच तुमच्या लग्नाला लागेल, बँकेच्या खात्याला लागेल, राहण्याच्या जागेला लागेल. पालकत्वाच्या कायद्याखाली हे हक्क काढून घेतलेली किती तरी माणसं आजही आहेत.

मीमांसक
धागा चांगला आहे. थोडा इतिहास टाकतो, कारण हे भांडण नवं नाही, चळवळीइतकंच जुनं आहे.

अमेरिकेत १९९२मध्ये जिम सिंक्लेअर, डॉना विल्यम्स, कॅथी लिसनर ग्रँट यांनी ऑटिझम नेटवर्क इंटरनॅशनल सुरू केलं. तोवर ऑटिझमवरच्या परिषदा पालकांच्या आणि तज्ज्ञांच्या असत. ऑटिस्टिक माणूस तिथे असलाच तर नमुना म्हणून. १९९३मध्ये टोरांटोच्या परिषदेत सिंक्लेअर यांनी पालकांना सांगितलं की आमच्यासाठी शोक करू नका. तुम्हाला अपेक्षित होतं ते मूल जन्मलं नाही याचं दुःख असेल, पण त्याचं ओझं समोर असलेल्या मुलावर टाकू नका. सिंक्लेअर यांनी पुढे स्वतः इंटरसेक्स (जन्मतः शरीर ठरावीक स्त्री-पुरुष साच्यात न बसणारं) असल्याचंही जाहीरपणे सांगितलं. म्हणजे 'दोन चळवळी एका माणसात' हे पहिल्या पिढीपासून आहे.

१९९६पासून त्यांनी ऑटरीट नावाचं शिबिर भरवलं. तिथल्या बिल्ल्यांची गोष्ट मला फार आवडते. गळ्यातल्या पाकिटात रंगीत कार्डं. लाल म्हणजे माझ्याशी बोलू नका, पिवळं म्हणजे फक्त ओळखीच्यांनी बोला, हिरवं म्हणजे मला बोलायचंय पण सुरुवात जमत नाही, तुम्ही करा.

आणि हे सगळं उसनवारीशिवाय उभं राहिलं नाही. कर्णबधिरांच्या चळवळीकडून 'संस्कृती' ही कल्पना घेतली. अपंगांच्या चळवळीकडून सामाजिक प्रारूप घेतलं, म्हणजे अडचण पायात नाही, जिन्यात आहे. समलैंगिकांच्या चळवळीकडून 'प्राइड', म्हणजे वेगळेपणाचा जाहीर अभिमान, घेतला. २००५पासून १८ जूनला ऑटिस्टिक प्राइड डे होतो, तो सरळसरळ त्याच धर्तीवर. तेव्हा 'नातं जोडावं का' हा प्रश्न जरा उशिरा आलाय. आपण त्यांच्याच भांड्यांत स्वयंपाक करतोय.

खवचट बोका
हिरवं कार्ड मला प्रत्येक लग्नसमारंभात हवंय. लाल कार्ड सासुरवाडीला.

अर्धविराम
@मीमांसक, भांडी उसनी घेतली म्हणून शेजाऱ्याच्या घरचं प्रत्येक भांडण आपलं होत नाही.

हातवारे
माझे आई-वडील दोघेही कर्णबधिर. सांकेतिक भाषा ही माझी खरी मातृभाषा, बोलायला मी नंतर शिकलो. त्यामुळे मीमांसकांच्या त्या वाक्याला थोडं मीठ लावतो.

कर्णबधिरांच्या चळवळीतले कित्येक जण म्हणतात, आम्ही अपंग नाही, आम्ही भाषिक अल्पसंख्याक आहोत. यात तथ्य आहे. आमच्याकडे भाषा आहे. व्याकरण आहे, विनोद आहेत, शिव्यासुद्धा आहेत. १९९०मध्ये अमेरिकेत लहान मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू यावं म्हणून शस्त्रक्रियेने कानात बसवायचं यंत्र) बसवायला परवानगी मिळाली, तेव्हा तिथल्या राष्ट्रीय कर्णबधिर संघटनेने १९९१मध्ये कडक टीका केली. २०००मध्ये तीच संघटना बरीच मवाळ झाली. ऑटिझमवाले 'उपचार नको, स्वीकार हवा' म्हणतात तेव्हा हेच उदाहरण देतात.

पण आमच्या घरी ऑटिझमच्या प्राइडबद्दल बोलणं निघालं तेव्हा बाबा खुणांनी म्हणाले, "यांची भाषा कुठाय?" मला उत्तर देता आलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्यांच्या चेहऱ्यावर जरा नाराजीच होती. 'आम्हाला अपंगांत धरू नका' म्हणत ज्यांनी उभं आयुष्य काढलं, त्यांना आता ऑटिझमवाले 'आम्ही तुमच्यासारखेच' म्हणतात तेव्हा ते सुखावत नाहीत. मैत्री एकतर्फी असून कसं चालेल?

पाचोळा
हातवारे, तुमच्या बाबांचं वाक्य माझ्या दुखऱ्या जागी लागलं. राग नाही, सांगते का ते.

मला बायपोलर (मनःस्थिती दोन टोकांना जाण्याचा मानसिक आजार) आहे. दोनदा इच्छेविरुद्ध इस्पितळात दाखल झालेय. ऑटिझमच्या प्रत्येक माहितीपत्रकात ठळक अक्षरांत एक ओळ असते: 'ऑटिझम हा मानसिक आजार नाही.' वस्तुस्थिती म्हणून बरोबर आहे. पण त्या ओळीतला सुटकेचा निःश्वास मला ऐकू येतो. 'आम्ही ते नव्हे हो.'

आता उलगडून पाहा. समलैंगिकांनी सांगितलं, आम्ही आजारी नाही. कर्णबधिरांनी सांगितलं, आम्ही अपंग नाही. ऑटिस्टिकांनी सांगितलं, आम्ही वेडे नाही. आणि ऑटिस्टिकांतल्या ॲस्पर्जरवाल्यांनी (ज्यांना बोलण्याची किंवा बुद्धीची अडचण नसते) सांगितलं, आम्ही 'तसले' ऑटिस्टिक नाही. प्रत्येक जण शिडीवर एक पायरी चढतो आणि खालच्याच्या बोटांवर पाय देतो. सगळ्यात खाली कोण राहतं? ज्याला बोलून नकार देता येत नाही, ते.

मला तुमच्या चळवळीचा मान नको. फक्त ती ओळ जरा बारीक अक्षरांत छापा.

टिंब
पाचोळा, +१००.

नवा कोन
पाचोळा, मीही ती ओळ वापरलीय. आज पहिल्यांदा टोचली.

जुना खेळाडू
मी ऑटिस्टिक वगैरे नाही, कामगार संघटनेत तीस वर्षं काढलेला म्हातारा आहे. नात ऑटिस्टिक आहे म्हणून धागा उघडला.

आमच्याकडे हेच असे. पगारवाढीच्या संपात एक गट म्हणायचा की बाकीच्या खात्यांनाही बरोबर घ्या, दुसरा म्हणायचा की आधी आपलं पदरात पाडून घ्या. अनुभवाने सांगतो: घरचं झालं थोडं नि व्याह्याने धाडलं घोडं, अशी गत दर वेळी व्हायची. पण ज्या वेळी एकटे लढलो, त्या वेळी मालकाने एकेकाला गाठून गुंडाळलं. दोन्ही खरं आहे. मग आम्ही एक नियम केला. मागणी एक, पाठिंबा कुणाचाही. मंचावर जो येईल त्याने त्या मागणीवरच बोलायचं. फारसा देखणा नाही नियम, पण चालला.

मीमांसक
खेळाडूकाका, तुमच्या नियमाचं झकास उदाहरण आहे.

१९७३च्या अमेरिकी पुनर्वसन कायद्यात कलम ५०४ होतं: सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांनी अपंगांशी भेदभाव करायचा नाही. पण त्याच्या नियमांवर चार वर्षं कुणी सहीच करेना. ५ एप्रिल १९७७ला सॅन फ्रान्सिस्कोतल्या सरकारी इमारतीत सुमारे दीडशे अपंग आणि त्यांचे साथीदार शिरले आणि बाहेरच पडेनात. सरकारने इमारतीचे फोन बंद केले. तेव्हा आतल्या कर्णबधिरांनी खिडकीत उभं राहून खाली जमलेल्या लोकांना खुणांनी निरोप दिले. आणि रोजचं गरम जेवण पाठवत होते ब्लॅक पँथर, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना! २८ एप्रिलला सही झाली.

अर्धविराम
धन्यवाद मीमांसक, माझाच मुद्दा सिद्ध केलात. मागणी एकच: कलम ५०४वर सही. पँथरांनी जेवण दिलं म्हणून बैठा सत्याग्रह करणाऱ्यांनी पँथरांच्या कार्यक्रमावर सही केली नाही.

मीमांसक
अर्धाच सिद्ध केलाय. ते जेवण आलं कसं ते पाहा. आंदोलकांत ब्रॅड लोमॅक्स होते. पँथरचे कार्यकर्ते, आणि मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारामुळे व्हीलचेअर वापरणारे. ते दोन्हीकडचे होते म्हणून दोन्हीकडे निरोप गेला. 'आधी ठरव, तू कृष्णवर्णीय म्हणून आलायस की अपंग म्हणून' असं कुणी त्यांना दारात विचारलं असतं, तर दीडशे माणसं उपाशी राहिली असती.

नवा कोन
हेच!! सकाळपासून हे वाक्य शोधत होते.

खवचट बोका
अर्धविराम १, मीमांसक १. सामना बरोबरीत. चहापान.

अवांतर: पाठिंबा देणाऱ्यांपेक्षा न मागता चिकटणारे जास्त. २००८मध्ये पेटा या प्राणीहक्क संघटनेने अमेरिकेत फलक लावला होता, 'गॉट ऑटिझम?' दुधाचा ऑटिझमशी संबंध जोडून. म्हणजे प्राण्यांच्या हक्कांसाठी माणसांना बुजगावणं केलं. ऑटिस्टिक लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा फलक उतरला.

जुना खेळाडू
लसविरोधक त्यातलेच की.

मीमांसक
त्यातले आणि कैक पटींनी घातक. १९९८चा, लशीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा, वेकफील्ड या डॉक्टरचा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला निबंध फक्त बारा मुलांवरचा होता. २०१०मध्ये तो मागे घेतला गेला आणि त्याचं डॉक्टर म्हणून असलेलं नावही ब्रिटनच्या नोंदणीतून काढलं. पण तोवर काही पालक संघटना त्या वाटेने गेल्या होत्या. ऑटिस्टिक लोकांचा यावर साधा सवाल असतो: मूल गोवराने दगावलं तरी चालेल, आमच्यासारखं व्हायला नको, असंच ना?

तिची आई
इतका वेळ वाचत होते. लिहू की नको असं चाललं होतं, कारण अशा धाग्यांवर पालकांना दोन मिनिटांत खलनायक केलं जातं.

माझी मुलगी १७ वर्षांची आहे. बोलत नाही. टॅबलेटवर अक्षरं दाबून सांगते, एक वाक्य व्हायला चार-पाच मिनिटं लागतात. कधी मध्येच उठून जाते, परत येते, उरलेलं पुरं करते. रात्री डोकं भिंतीवर आपटते तेव्हा मधे माझा हात घालते. हाताची पाठ कायम निळी असते. लसविरोधकांशी माझा काडीचा संबंध नाही, तिच्या सगळ्या लशी वेळेवर झाल्यात.

तुम्ही सगळे कर्णबधिर, समलैंगिक, पँथर, मनोरुग्ण यांच्याशी नातं जोडायच्या गोष्टी करताय. चांगलं आहे. माझ्या मुलीशी कधी जोडणार? तुमची निवेदनं तिच्या नावाने निघतात. 'आम्ही ऑटिस्टिक लोक' म्हणताना ती त्यात मोजली जाते. पण रानजाईताई, तुमच्या गटात दीडशे जण होते, त्यांत टॅबलेटवर बोलणारे किती होते? बौद्धिक अक्षमता असलेले किती?

'समलैंगिकता १९७३मध्ये मानसिक आजारांच्या यादीतून निघाली, तसा ऑटिझमही काढा' असं म्हणणारे मी वाचलेत. काढा. पण मग तिच्यासाठी मिळणारा मदतनीस, तिचे तास, तिची टॅबलेट, हे सगळं कुठल्या कागदावर मंजूर होणार तेही सांगा. समलैंगिक माणसाला जगायला डॉक्टरच्या दाखल्याची गरज नसते. माझ्या मुलीला असते.

रानजाई
तिची आई, तुम्हाला खरं उत्तर देते. टॅबलेटवाले दोघे होते. एकाने सहा महिन्यांत गट सोडला. का, ते आम्ही विचारलं नाही.

अर्धविराम
तिची आई, दाखल्याच्या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने आहे. समलैंगिकांशी केलेली तुलना तिथेच मोडते.

नवा कोन
ती तुलना तिथे मोडते, पण ट्रान्स लोकांशी केली तर मोडत नाही! आमचाही तोच पेच आहे. निदान हवं, नाहीतर उपचार नाहीत. निदान नको, कारण ते आजार ठरवतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडीच्या (आजारांच्या वर्गीकरणाच्या यादीच्या) अकराव्या आवृत्तीत, २०२२पासून लागू झालेल्या, यावर तोडगा निघाला. आमची नोंद मानसिक विकारांच्या प्रकरणातून उचलली आणि लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली. यादीतून काढली नाही, फक्त घर बदललं. उपचारांचा कागद शाबूत, 'विकृती'चा शिक्का गेला. ऑटिझमवाल्यांनी हे शिकावं असं मला फार वाटतं, आणि शिकायचं तर आमच्याशी बोलावं लागेल ना.

आणखी एक, जरा जड आहे. ऑटिझमवरची वर्तन-चिकित्सा ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्या लोवास यांनी सहकारी रेकर्स यांच्याबरोबर १९७४मध्ये एक निबंध छापला. विषय: 'बायकी' वागणारा पाच वर्षांचा मुलगा. घरी त्याला निळी आणि लाल टोकन दिली जात. 'पुरुषी' वागला की निळं, त्याचं बक्षीस. 'बायकी' वागला की लाल, त्याची शिक्षा, त्यात वडिलांकडून मारही होता. तेच विद्यापीठ, तोच तज्ज्ञ, तीच पद्धत: बाहेरून दिसणारं वागणं सरळ करा, आत काय होतं ते विचारू नका. मी लहानपणी हात फडफडवले की माझ्या तक्त्यावरचा चिकटवलेला तारा काढून घ्यायचे. अजून मला तारे आवडत नाहीत. म्हणून कुणी म्हणालं की या दोन चळवळींचा संबंध ओढूनताणून जोडलाय, तर मला ती लाल टोकनं आठवतात.

पाचोळा
...

तिची आई
नवा कोन, ते घर बदलायचं मला माहीत नव्हतं. विचार करायला लावलंत. ताऱ्याबद्दल वाईट वाटलं. आमच्याकडेही तक्ता होता. दोन वर्षांपूर्वी काढला.

हातवारे
जड झालं म्हणून एक हलका किस्सा. ब्रिटनमधल्या काही विद्यार्थी संघटनांनी टाळ्यांऐवजी दोन्ही हात वर करून हलवायचं ठरवलं होतं, कारण टाळ्यांच्या आवाजाचा ऑटिस्टिक आणि इतर काही लोकांना त्रास होतो. कर्णबधिरांची टाळी ती हीच. मला भारी वाटलं, म्हटलं आमची पद्धत वाजतगाजत (म्हणजे न वाजता) पसरतेय. तर माझी एक दृष्टिहीन मैत्रीण म्हणाली, "छान. म्हणजे भाषण झालं की माझ्यासाठी सभागृहात शुकशुकाट."

खवचट बोका
😂 चळवळींच्या नात्यावरचा प्रबंध एका वाक्यात.

अर्धविराम
मला मोर्चेच सोसत नाहीत. एकदा गेलो होतो, अपंगांच्याच हक्कांसाठीचा होता. पहिल्या ढोलाला कानांवर हात गेले, तिसऱ्या शिट्टीला मी एका बंद दुकानाच्या पायरीवर डोकं गुडघ्यांत घालून. स्वयंसेवक येऊन म्हणाला, "साहेब, घोषणा द्या, उत्साह दाखवा."

जुना खेळाडू
आमच्या मोर्चात मीच तो स्वयंसेवक असायचो. माफ करा.

खवचट बोका
अवांतर: ग्रेटा थनबर्गचं काय? पर्यावरणवाले खूश, ऑटिझमवाले खूश, मग नातं जुळलं की.

नवा कोन
सगळे खूश नाहीत. २०१९मध्ये तिने लिहिलं होतं की योग्य परिस्थितीत वेगळेपण हीच महाशक्ती असते. 'योग्य परिस्थितीत' हे शब्द गाळून सगळ्यांनी तिला महाशक्तीची बाहुली केलं. मला कसलीच महाशक्ती नाही. भांडी घासायला घेतली की फेसाचा स्पर्श सोसत नाही, एवढंच.

टिंब
मराठीतल्या 'स्वमग्न' शब्दाबद्दल कुणीच बोललं नाही?

रानजाई
टिंब, तोंडातला शब्द घेतलात! मी मुद्दामच 'ऑटिस्टिक' लिहिलं. 'स्वमग्न' म्हणजे स्वतःत बुडालेली. माझी अडचण नेमकी उलटी आहे. ट्यूबलाइटची गुणगुण, शेजारच्याच्या शर्टाचा वास, दारामागे कुणी ओढलेली खुर्ची, सगळं आत येतं. मी स्वतःत बुडू शकले असते तर बरं झालं असतं.

तिची आई
माझी मुलगी टॅबलेटवर 'स्वमग्न' लिहिते. तिला तो शब्द आवडतो. तिचं म्हणणं, त्यात 'मग्न' आहे. असो, प्रत्येकाची निवड.

प्रशासक
शब्दावर वेगळा धागा काढावा, इथे मूळ विषय सोडू नये. 'दिव्यांग' शब्दावर सुरू झालेले चार प्रतिसाद हलवले आहेत.

मीमांसक
मूळ विषयाकडे. जिथे नातं कामी आलं असं एक उदाहरण देऊन मी थांबतो.

मॅसॅच्युसेट्समध्ये जज रोटेनबर्ग सेंटर नावाची निवासी संस्था आहे. तिथे ऑटिस्टिक आणि बौद्धिक अक्षमता असलेल्यांना वागणूक सुधारण्यासाठी अंगावर बांधलेल्या यंत्रातून विजेचे झटके दिले जातात. याविरुद्ध ऑटिस्टिक लोकांचीच संघटना असलेलं ऑटिस्टिक सेल्फ ॲडव्होकसी नेटवर्क लढलं, मुख्यतः व्हीलचेअरवाल्यांची असलेली ॲडॅप्ट ही संघटना लढली, मानसोपचारातून वाचून आलेले लोक लढले. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी प्रतिनिधींनीही आवाज उठवला. २०२०मध्ये औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने त्या यंत्रावर बंदी घातली. २०२१मध्ये न्यायालयाने ती उडवली: एफडीएला तसा अधिकारच नाही म्हणून. मग २०२२च्या अखेरीस अमेरिकी काँग्रेसने कायदा बदलून तो अधिकार दिला. एकट्या ऑटिझमवाल्यांना काँग्रेसमध्ये कुणी विचारलं असतं असं मला वाटत नाही.

अर्धविराम
झटक्यांविरुद्धच्या निवेदनावर मी डोळे मिटून सही करीन. शेजारी कुणाची सही आहे तेही बघणार नाही. पण त्यात ऑटिस्टिक लोकांना काय होतंय ते स्पष्ट आहे. माझा विरोध धूसर निवेदनांना आहे, ज्यांत शेवटच्या परिच्छेदात जगातले सगळे अन्याय येतात.

नवा कोन
मग रानजाईच्या गटातलं ते निवेदन धूसर होतं? 'ऑटिस्टिक आहे म्हणून उपचार नाकारले.' याहून स्पष्ट काय?

अर्धविराम
...ते वाचायला हवं होतं मी. रानजाई, मसुदा टाकता का?

रानजाई
टाकते, पण आधी ताजी बातमी. बाहेर पडलेल्यांनी नवा गट काढला. पहिला नियम: 'फक्त ऑटिझम. दुसरा कुठलाही विषय नाही.' दुसऱ्याच दिवशी तिथे भांडण लागलं की ज्यांच्याकडे डॉक्टरचं निदान नाही, स्वतःच ओळखलंय, त्यांना घ्यायचं की नाही. पाचव्या दिवशी त्यातून तिसरा गट निघाला.

खवचट बोका
सुंठीवाचून खोकला गेला म्हणता म्हणता न्यूमोनिया.

अर्धविराम
हसू आलं, कबूल. तरी माझं मत तेच.

जुना खेळाडू
मत तेच असू दे हो. सही कुठे करणार ते सांगितलंत, तेवढं पुरे.

रानजाई
अर्धविराम, मसुदा व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. एकूण तीन वाक्यं आहेत. शेवटच्या परिच्छेदात जगातले अन्याय नाहीत, कारण शेवटचा परिच्छेदच नाही.

मी त्या वेळी मत दिलं नाही, आज दिलं असतं, सहीच्या बाजूने. पण इथे वाचून जास्त लागलं ते दुसरंच. तिची आई, जो टॅबलेटवाला सदस्य निघून गेला त्याला काल पत्र लिहिलं. आज उत्तर आलं, दोन ओळींचं: "तुमच्या सभा फार भराभर चालायच्या. माझं वाक्य पुरं होईपर्यंत विषय बदललेला असायचा."

चार वर्षं आम्ही कुणाकुणाच्या चळवळीशी नातं जोडायचं यावर बोलत होतो, त्याच सभांमध्ये.

उरलेल्या गटात मी एक प्रस्ताव मांडलाय. महिन्यातली एक सभा फक्त लिहून. एका वेळी एकच प्रश्न, आणि ज्यांनी उत्तर लिहायला घेतलंय त्या सगळ्यांचं पुरं होईपर्यंत पुढचा प्रश्न टाकायचा नाही, मग अर्धा तास लागो. तुमच्या मुलीला यावंसं वाटेल का? तिलाच विचारा, घाई नाही. पाचोळा, तुम्हीही या. ती ओळ माहितीपत्रकात कशी लिहायची ते तुमच्यासमोरच ठरवू.

पाचोळा
येईन. पण निरीक्षक म्हणून नाही हं.

तिची आई
विचारलं. तिने आधी 'कोण कोण' असं विचारलं, मग 'टाळ्या नको' असं लिहिलं, मग उठून गेली. वीस मिनिटांनी येऊन 'हो' दाबलं.

शनिवार चालेल. सकाळी अकराच्या आधी नको, ती उशिरा उठते.